व रेघ एकशे सत्तावीस

आमच्या समाजाच्या वधू-वर सूचीत माझा नंबर होता व_१२७. वाचताना तो "व रेघ एकशे सत्तावीस" असाच वाचायचा, ही नानांची सक्त ताकीद. नाना म्हणजे जळगावच्या आमच्या वधू-वर केंद्राचे सचिव, निवृत्त हेडक्लार्क आणि माझे साहेब. मी त्याच केंद्रात कॉम्प्युटरवर काम करते. म्हणजे ज्या यादीतून मला कोणीतरी पसंत करून न्यावं अशी घरच्यांची इच्छा, ती यादी सांभाळायचं काम माझ्याकडेच. नानांना यात काही वावगं वाटलं नाही. "घरचंच माणूस आहे, मन लावून करेल," असं ते माझ्या वडिलांना म्हणाले होते.

वडील आणि नाना एकाच कचेरीत जन्मभर शेजारी बसलेले. दोघांना एकच खोड. कागदावर कोरी जागा दिसली की रेघ मारायची. मधलं नाव नसेल तर रेघ, दुसरा फोन नसेल तर रेघ. माझे वडील तर लग्नाच्या अहेराच्या पाकिटावरसुद्धा नावापुढच्या मोकळ्या जागेत रेघ ओढतात. "जागा मोकळी सोडली की उद्या कोणीही तिथे काहीही लिहितं," हे मी लहानपणापासून ऐकत आले.

केंद्राची दोन रजिस्टरं होती. लाल कापडाचं प्रथम विवाहाचं आणि हिरव्या कापडाचं पुनर्विवाहाचं, म्हणजे विधवा आणि घटस्फोटितांचं. दोन्हींत नंबर एकपासून सुरू. मी ती कॉम्प्युटरवर चढवली तेव्हा प्रथम विवाहाला व आणि पुढे आकडा, पुनर्विवाहाला वप आणि पुढे आकडा, असं केलं. छापून काढल्यावर रकाने वाकडे दिसायला लागले, कारण एका नंबरात एक अक्षर जास्त. नानांना ते सहन होईना. त्यांनी यावर तोडगा काढला की प्रथम विवाहाच्या नंबरात व नंतर एक रेघ टाकायची. "रकानाही सरळ, आणि मध्ये प घुसायला जागाच नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला. मी सगळ्या नंबरांत रेघ टाकली.

कॉम्प्युटरच्या शोधात त्याच रेघेचा अर्थ बरोबर उलटा आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मजकूर त्याच्या ठेवणीवरून शोधायचा असेल, तेव्हा टक्क्याची खूण म्हणजे "इथे काहीही असो, कितीही असो", आणि खाली पडलेली ती रेघ म्हणजे "इथे कुठलंही एक अक्षर चालेल". कागदावर जिने सगळ्यांना अडवायचं, तीच तिथे ज्याला त्याला आत घेते. डेटाबेसचा तीन महिन्यांचा क्लास मी केला होता. टक्क्याचा धडा मला आठवतो. रेघेचा धडा ज्या दिवशी झाला, त्या दिवशी मी घरी पोह्यांचा ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर उभी असणार.

कारण सहा वर्षांत अकरा घरं मला बघून गेली होती. काहींनी नाही म्हटलं, काहींना वडिलांनी नाही म्हटलं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आई कधीतरी भांडी लावता लावता आडून विचारायची, मनात दुसरं कोणी आहे का? नव्हतं. पुढे शिकायचंय का? तेही नाही. मला लग्न नुसतंच नको होतं, आणि नुसतंच नको याला आमच्या फॉर्मवर रकाना नाही. माझी चिडचिड व्हायची ती याचीच. काहीतरी मोठं कारण असतं तर मी भांडले तरी असते. कारणच नाही म्हटल्यावर माणूस कुठल्या तोंडाने भांडणार?

होळीच्या आसपास बोदवडचं बारावं घर येऊन गेलं. मुलाच्या आत्याने मला भिंतीला उभं करून, पट्टी लावून माझी उंची मोजली. मी एकतीस वर्षांची बाई, आणि भिंतीला टाचा टेकवून उभी. वडील खाली बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी नाना जेवायला घरी गेले, तेव्हा मी ऑफिसात एकटी होते. नंबरांच्या शेवटी टायपिंगमध्ये पडलेल्या मोकळ्या जागा असायच्या, त्यामुळे सरळ नंबर टाकला तर ओळ सापडायची नाही. म्हणून नंबरापुढे टक्का टाकायची मला सवयच होती. मी लिहिलं: ज्याचा नंबर व_१२७ ने सुरू होतो आणि पुढे काहीही, त्याची स्थिती "जमले" करा. "जमले" झालेलं नाव कोणाला दाखवत नाहीत, दरवर्षीच्या मेळाव्याच्या पुस्तकात छापत नाहीत. फोन आला तर सांगायचं, जमलं त्यांचं.

बटण दाबलं. पडद्यावर आलं, दोन ओळी बदलल्या.

दोन कशा, असा विचार मी केला. अगदी क्षणभर केला. मग मनात आलं, वडिलांनी फॉर्म दोनदा भरला असेल, एकदा केंद्रात आणि एकदा मेळाव्यात. ते असं करू शकतात. मला हसूही आलं. जिन्यावर नानांच्या चपला वाजल्या आणि मी पडद्यावरची खिडकी बंद केली.

त्यानंतर स्थळं यायची बंद झाली. आमच्या घरात रविवार रविवारसारखा आला. आईने खिडकीचे पडदे धुवायचं थांबवलं. वडील जरा गप्प झाले, लग्नकार्याला जायचं टाळायला लागले, पण मी फार बघितलं नाही. मला मोकळं वाटत होतं, आणि ते मोकळेपण मी चोरून खाल्लेल्या गोडासारखं पुरवून पुरवून वापरत होते.

त्याच काळात दर महिन्याच्या एका शनिवारी दोंडाईच्याहून आबा यायचे. जन्मभर मिरचीच्या बाजारात तोलाईचं काम केलेला माणूस. ते पिशवी टेबलावर ठेवायचे आणि दोन मिनिटांत नाना शिंकायला लागायचे. त्यांची मुलगी आमच्या हिरव्या रजिस्टरात होती. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पदरी सहा वर्षांची मुलगी, घरी ब्लाउज शिवते. आबा पॅसेंजरने यायचे, खुर्चीच्या काठावर बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

"काय बेटा, काही उनं का?"

मी चौकशीची वही उघडायची. तिच्या नावावर काही आलेलं नसायचं.

"नाही आबा, अजून नाही."

"येई, येई," म्हणून ते पाणी प्यायचे आणि परतीच्या गाडीला निघायचे. असे आठ महिने. मी प्रत्येक वेळी वही बघत होते. कॉम्प्युटरमध्ये तिची ओळ उघडून बघावी असं मला एकदाही वाटलं नाही.

दिवाळीनंतर मेळाव्याचं पुस्तक छापायला जायचं होतं. माझं नाव त्यात नसतं तर वडिलांनी पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. म्हणून मी छपाईपुरतं स्वतःला परत उघडायचं ठरवलं. पडद्यावर माझी ओळ शोधून, तिच्यावर बोट ठेवून, फक्त तेवढीच बदलली. ती दुसरी ओळ कोणाची, हे तेव्हाही पाहिलं नाही. स्वतःपुरती मी बरोबर नीटनेटकी होते.

पुस्तक आलं आणि शनिवारी आबा आले. चष्मा लावून त्यांनी हिरवा विभाग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोटाने वाचला. मग पुन्हा वाचला.

"बेटा, हाई पुस्तकमा मन्ही आंडेर कोठे शे? बठ्ठं पुस्तक चाळं, सापडनी नही."

त्यांच्या मुलीचं नाव मी शोधलं. नंबर वप१२७. स्थिती जमले. बदल कधी झाला याचीही नोंद शेजारी असते. तोच दिवस, तीच दुपार, माझ्या ओळीचं तेच मिनिट.

मी व रेघ एकशे सत्तावीस म्हटलं होतं. रेघेच्या जागी कुठलंही अक्षर चालेल असं यंत्राने समजून घेतलं, आणि त्या जागी प असलेली ही एकच बाई सबंध रजिस्टरात होती. माझ्याबरोबर मी तिलाही कोंडलं होतं. मी बाहेर आले, ती आतच.

 आबा समोर बसलेले. मग मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवायला नको होती असं आजही वाटतं. चैत्रात अमळनेरहून एक फोन आला होता. गेल्या वर्षीच्या पुस्तकातून नंबर वाचून त्या माणसाने विचारलं, "वप एकशे सत्तावीस यांचं अजून व्हायचंय का? मुलीलाही सोबत घ्यायची माझी तयारी आहे, म्हणून विचारतो." मुलीला सोबत घ्यायची तयारी आहे, असं आपण होऊन कोणी म्हणत नाही. हिरव्या रजिस्टरातले बहुतेक फोन "मुलं आजोळी राहतील ना?" इथूनच सुरू होतात. म्हणून तो आवाज माझ्या लक्षात राहिला होता. मी पडद्यावर बघून त्याला सांगितलं होतं, "नाही हो, जमलं त्यांचं." तो म्हणाला, "बरं झालं, चांगलं झालं." जमलं म्हटल्यावर आम्ही चौकशीच्या वहीत नोंद करत नाही. मी नुसता त्याचा फोन नंबर मागच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवला होता, का ते माहीत नाही.

आबांना मी सांगितलं, "कॉम्प्युटरची काहीतरी चूक झाली आहे, आबा. वेगळा कागद छापून पुस्तकात घालते."

नाना रागावले. आबा उलट मलाच धीर द्यायला लागले. "ऱ्हाऊ द्या नाना. मशीनले काय समजस! मानूस थोडीच शे ते." जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ते गेल्यावर मी अमळनेरला फोन लावला. त्याच्या बहिणीने उचलला. त्याचं वैशाखातच झालं होतं. "चांगली आहे हो वहिनी," असं ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि मग रेघेबद्दल वाचलं. रेघेला नुसती रेघच समजायचं असेल तर तिच्या आधी एक उलटी तिरकी रेघ ठेवायची, आणि ही खूण सुटकेची आहे असं यंत्राला सांगायचं. त्याला एस्केप म्हणतात. एवढंच होतं. एक तिरकी रेघ. मी वप१२७ उघडलं, वेगळा कागद छापला, आणि आठ महिन्यांचं काय करायचं ते मला कुठेच वाचायला मिळालं नाही.

मेळावा धुळ्याला होता, एका मंगल कार्यालयात. मी नोंदणीच्या टेबलावर. पुस्तकात माझंही नाव होतं, त्यामुळे वडील म्हणाले, "तू तिथे असशीलच, दोन मिनिटं माईकवर बोल." मीच स्वतःला छापलं होतं, नाही कुठल्या तोंडाने म्हणू? वडील नवा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. अकराच्या सुमारास नानांनी पुकारलं, "व रेघ एकशे सत्तावीस." मी गेले. जन्मतारीख, शिक्षण, उंची, अपेक्षा: सुशिक्षित, निर्व्यसनी, समजूतदार. कागदावर होतं ते सगळं मी वाचलं. आत्याने भिंतीला मोजलेली उंचीसुद्धा. टाळ्या झाल्या, वडिलांनी जोरात वाजवल्या. इतकी लाज मला त्या भिंतीला उभं राहूनही वाटली नव्हती.

पुनर्विवाहाचे परिचय जेवणानंतर असतात. जेवण झालं की निम्मा हॉल घरी जातो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी ते जेवणानंतरच असतात. पंगत चालू असताना आबा आपल्या मुलीला घेऊन माझ्या टेबलाशी आले. "हाई ती कॉम्प्युटरवाली बेटा," अशी त्यांनी माझी ओळख करून दिली आणि ते ताट घ्यायला गेले. ती माझ्याच वयाची. साडीचा ब्लाउज तिने स्वतः शिवलेला, फार सुबक. "आबा तुमचं फार कौतुक करतात," ती म्हणाली.

ते मला ऐकवेना. मी तिला हॉलच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. माझं नाव मी बंद केलं, का केलं, त्यात तुमचं बंद झालं, मशीनची चूक नव्हती. अमळनेरचं पण सांगितलं. ते गाळलं असतं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता.

आतापर्यंत ती माझ्याशी ऑफिसातल्यासारख्या मराठीत बोलत होती. आता ती घरच्या बोलीवर आली.

"पोरगीले संगे लई जासू, आसं त्यानी सोता सांगं?"

"हो."

"आनि तू काय सांगं?"

"जमलं म्हणून सांगितलं."

 टाकीचा नळ थेंब थेंब गळत होता, तिने तो नीट बंद केला. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुले नको व्हतं, ते घरमा सांगानं व्हतं ना बहीन," ती म्हणाली. "मन्हा नाववर कसाले ऊनी?"

 मी रडायला लागले, आणि तिच्यासमोर रडतेय याचाही मला राग आला.

"मी आबांना सांगते," मी म्हटलं. "आत्ता सांगते."

"आबाले सांगू नको. मशीनवर त्यासले राग येत नही. मानूसनं नाव समजनं ते रडतीन." पदराने तिने स्वतःचाच चेहरा पुसला, कोरडा होता तरी. "तुन्हाजवळ ऱ्हाऊ दे ते."

जेवणानंतर नानांनी पुकारलं, "व प एकशे सत्तावीस." मागे खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात झाली होती. तिच्या हातात कागद नव्हता. "मला एक मुलगी आहे," ती माईकवर म्हणाली. "ती माझ्याबरोबर राहील. बाकी माझी काही अपेक्षा नाही." आणि खाली उतरली. टाळ्या आबांनी वाजवल्या, आणि मी.

परतीच्या एसटीत वडील खूश होते. दोन घरांनी माझा नंबर लिहून घेतला होता. पारोळा येईपर्यंत ते त्या दोन घरांबद्दल बोलत राहिले. पारोळा गेल्यावर मी म्हटलं, "मला लग्न करायचं नाही." आणि मग थांबता येईना. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं सांगितलं. एसटीत खडखडाट होता, मला दोन वाक्यं पुन्हा मोठ्याने सांगावी लागली, पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघायला लागली.

 एरंडोल आल्यावर वडील म्हणाले, "होळीपासून?"

"हो."

"मला वाटलं माझ्यामुळे येत नाही कोणी. मी कोणाचं काय वाईट केलं ते आठवत बसायचो रोज. नानांना विचारायची लाज वाटायची." त्यांनी खिडकी बंद केली. "आईला नको सांगू हे, आठ महिन्यांचं."

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आमच्या ऑफिसचा जिना चढून आले, नानांना नमस्कार केला आणि माझ्याकडे नाव मागे घेण्याचा फॉर्म मागितला, अनोळखी माणसाने मागावा तसा. समोर बसून आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी तो भरला. शेवटचा रकाना होता: नाव मागे घेण्याचे कारण. तिथे पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी त्या टोकापासून या टोकापर्यंत एक सरळ रेघ मारली, सही केली आणि गेले.

मी आधी मोजून पाहिलं. रेघेच्या आधी तिरकी रेघ ठेवून शोधलं, एकच ओळ सापडली. मग बदल केला. पडद्यावर आलं, एक ओळ बदलली.

त्याला आता बरेच महिने झाले. घरात रविवार रविवारसारखा येतो, आणि आता तो चोरलेला नाही. वप१२७ अजून उघडं आहे. दोन फोन आले, दोघांनीही मुलगी आजोळी राहील ना, असं विचारलं. मी त्यांचे फोन नंबर तिला कळवले, तिने नको म्हणून सांगितलं. मागच्या शनिवारी आबा आले, पिशवी टेबलावर ठेवली, नाना शिंकले.

"काय बेटा, काही उनं का?"

"नाही, आबा."

त्यांनी पाणी प्यायलं, पेला पालथा घातला आणि काळजीने कॉम्प्युटरकडे बघितलं.

"मशीन आते बराबर शे ना?"

"बरोबर आहे, आबा," मी म्हटलं.